आयुर्विम्याचे पैसे आजारपणातही मिळतात

आरोग्याच्या स्तंभात विम्याची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु मोठा आजार घरात शिरला की पहिला प्रश्न औषधाचा असतो आणि दुसरा, लगेच त्याच्या पाठोपाठ, पैशाचा. माझ्याकडे येणारे नातेवाईक रिपोर्ट समजावून घेतात, मान डोलावतात आणि दाराजवळ गेल्यावर मागे वळून हळूच विचारतात, "डॉक्टरसाहेब, एकूण खर्च किती येईल?" आकडा सांगितला की घरातले हिशेब सुरू होतात. कोणी दागिने गहाण ठेवतो, कोणी शेताचा तुकडा विकायला काढतो, कोणी सावकाराचे दार ठोठावतो. आणि याच घरातल्या ट्रंकेत, लग्नाच्या फोटोंच्या खाली, दहा-बारा वर्षे नेमाने हप्ते भरलेली विम्याची पॉलिसी पडून असते. तिची आठवण कोणाला होत नाही, कारण आयुर्विमा म्हणजे माणूस गेल्यावर मिळणारे पैसे, अशी आपली पक्की समजूत झालेली आहे. तो विषय आजाऱ्याच्या उशाशी काढणेसुद्धा अभद्र वाटते.

ही समजूत अर्धीच खरी आहे. आयुर्विम्यातून जिवंतपणी, आजार चालू असताना पैसे मिळण्याचे अनेक रस्ते आहेत. त्यांतले कोणते आपल्या पॉलिसीला लागू आहेत, एवढे मात्र शोधून काढावे लागते.

गंभीर आजारासाठी जिवंतपणीच एकरकमी पैसे देणारा विमा ही कल्पना एका डॉक्टरची आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९६७ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण झाले. ते करणारे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड जगप्रसिद्ध झाले. त्यांचे धाकटे बंधू डॉ. मारियस बर्नार्ड हेही त्या शस्त्रक्रियेच्या पथकात होते. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही रोगी पैशाच्या ओढीने लवकर कामावर जातो, औषधे तोडतो आणि खचतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले. शल्यविशारद शरीर वाचवू शकतो, संसार नाही, हे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यांच्याच प्रयत्नांतून १९८३ साली तेथील एका विमा कंपनीने असा विमा आणला. त्यात सुरुवातीला चारच आजार होते : हृदयविकाराचा झटका, कर्करोग, पक्षाघात आणि बायपास शस्त्रक्रिया. आपल्याकडे आयुर्विमा महामंडळाने नव्वदच्या दशकात 'आशादीप' नावाची याच वळणाची पॉलिसी आणली होती. ती आता विकली जात नाही, पण तिच्यासारख्या सोयी आज रायडरच्या, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेल्या पुरवणीच्या रूपाने मिळतात.

बॉण्ड बाहेर काढा

पहिले काम म्हणजे पॉलिसीचा कागद, ज्याला आपण बॉण्ड म्हणतो, तो बाहेर काढून वाचणे. एजंटने काय सांगितले होते ते विसरा, छापलेले काय आहे ते पाहा. पॉलिसी टर्म प्रकारची, म्हणजे निव्वळ मृत्यूच्या जोखमीची आहे, की मुदतीअंती पैसे परत देणारी आहे? मनीबॅक असेल तर पुढचा टप्पा कधी मिळणार? हप्ते कुठपर्यंत भरले आहेत? पहिल्या पानावर रायडरची नावे व त्यांचा वेगळा हप्ता दाखवलेला असतो. तेथे गंभीर आजार, हप्तामाफी किंवा अपघाती अपंगत्व असे काही छापले आहे का? वारस म्हणून कोणाचे नाव आहे? लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर अजून आईचेच नाव आणि आई जाऊन आठ वर्षे झाली, असे मी अनेकदा पाहिले आहे. हे नाव विमेदार जिवंत असेतो केव्हाही बदलता येते, नंतर नाही.

येथे एक गल्लत होते ती सांगून ठेवतो. 'अपघाती लाभ' असा शिक्का पाहून लोक हरखतात. त्या लाभात कायमचे अपंगत्व आल्यास पैसे मिळतात आणि पुढचे हप्तेही माफ होतात हे खरे. महामंडळाच्या रायडरमध्ये ती रक्कम दहा वर्षे मासिक हप्त्यांनी मिळते. पण अपंगत्व अपघातानेच आलेले असले पाहिजे. मधुमेहाने पाय कापावा लागला, पक्षाघाताने अंग लुळे पडले, तर हा लाभ लागू होत नाही.

कर्ज की सरेंडर?

रायडर काहीच नसेल तरी निराश होऊ नका. मुदतीअंती पैसे देणाऱ्या पॉलिसीला स्वतःची किंमत असते. तिच्यावर कर्ज काढता येते किंवा ती सरेंडर करता येते, म्हणजे कंपनीला परत देऊन मोकळे होता येते. घाईत लोक दुसरा मार्ग धरतात, कारण तो सोपा वाटतो आणि "कटकट मिटली" असे समाधान मिळते. गंभीर आजारात हाच निर्णय बहुधा महागात जातो. हिशेब मांडूनच पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, प्रत्येक पॉलिसीचे वेगळे असतात.

समजा ३ लाखांची, २० वर्षांची पॉलिसी आहे आणि १२ वर्षांचे हप्ते भरले आहेत. वर्षाला हजारी ४० रुपये बोनस धरला तर १२ वर्षांचा बोनस १,४४,००० रुपये झाला. हप्ते येथेच थांबवले तर विम्याची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात, म्हणजे १,८०,००० वर येते. यालाच पेड-अप म्हणतात. बोनस मिळवून ती ३,२४,००० होते. पण ही रक्कम मुदत संपल्यावर किंवा मृत्यूनंतरची आहे. आजच रोख हवी असेल तर कंपनी तिला कात्री लावते. ती निम्म्यावर आली असे धरू, म्हणजे सरेंडरचे हातात १,६२,००० पडले आणि विमा संपला.

आता कर्जाचे पाहा. चालू पॉलिसीवर सरेंडर किमतीच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. म्हणजे १,४५,८०० रुपये. सरेंडरपेक्षा अवघे सोळा हजार कमी! आणि पॉलिसी जिवंत राहते. हप्ता मात्र भरत राहावा लागेल. दुर्दैवाने वर्षभरात विमेदाराचे काही बरेवाईट झालेच, तर विम्याचे ३ लाख आणि बोनसचे १,४४,००० मिळून ४,४४,००० होतात. त्यातून कर्ज आणि वर्षाचे सुमारे चौदा हजार व्याज वजा जाऊनही कुटुंबाला २ लाख ८४ हजारांच्या आसपास मिळतील. सरेंडर केली असती तर शून्य.

आणि रोगी बरा झाला तर? बहुतेक बरे होतातच, म्हणून तर आम्ही उपचार करतो. अशा वेळीही कर्जाचीच बाजू जड आहे, कारण कर्करोगातून किंवा बायपासमधून उठलेल्या माणसाला नवा विमा सहजासहजी मिळत नाही. हाती आहे तो विमा त्याला पुन्हा मिळणार नाही.

या कर्जाला जामीनदार लागत नाही, पगाराची स्लिप लागत नाही. मूळ बॉण्ड शाखेत जमा करायचा, छापील अर्ज भरायचा, ओळखपत्र, पॅन आणि बँक खात्याचा तपशील द्यायचा. मुद्दल फेडण्याची सक्ती नसते. ते शेवटी दाव्यातून वळते करून घेतले जाते. व्याज मात्र दर सहामाहीला भरावे. ते साठू दिले तर चक्रवाढीने चढते, आणि हप्तेही थकलेले असतील तर कर्ज-व्याज पॉलिसीच्या किमतीला ओलांडते व पॉलिसी बंद पडते. हे सांभाळले तर सावकाराच्या व्याजाशी या कर्जाची तुलनाच होऊ शकत नाही.

सरेंडर कधीच करू नये, असे मी म्हणणार नाही. मागे कोणी अवलंबून नाही, हप्ता झेपतच नाही, पॉलिसी लहान आहे, अशा वेळी ती मोडून उपचार करणे शहाणपणाचे आहे. जून २०२४ मध्ये विमा नियामकाने नियम सुधारले. आता नव्या पॉलिसीत पूर्ण वर्षाचा हप्ता भरलेला असेल तर पहिल्या वर्षानंतरही काही सरेंडर किंमत द्यावी लागते. जुन्या पॉलिसींना ज्या त्या अटी लागू आहेत. शाखेत जाऊन सरेंडर आणि कर्ज, दोन्ही आकडे लेखी मागा आणि शेजारी शेजारी ठेवून ठरवा.

आजाराची व्याख्या डॉक्टरची वेगळी, विम्याची वेगळी

ज्यांच्याकडे गंभीर आजाराचा रायडर आहे त्यांनी हा भाग सावकाश वाचावा. या विम्यात रुग्णालयाचे बिल द्यावे लागत नाही. ठरलेला आजार ठरलेल्या तीव्रतेने झाला की ठरलेली रक्कम मिळते. ती औषधाला वापरा, घरभाड्याला वापरा, परळला टाटा रुग्णालयात वारंवार जाण्या-राहण्याला वापरा. पण तीव्रतेच्या व्याख्या काटेकोर असतात. प्रमुख आजारांसाठी नियामकाने त्या सर्व कंपन्यांना सारख्या करून दिल्या आहेत, ही चांगली गोष्ट झाली.

कर्करोग म्हटले की सगळे आले असे नाही. गाठ पसरण्यापूर्वीची, जागच्या जागी असलेली अवस्था मुख्य व्याख्येत धरत नाहीत. पेशींचा पुरावा मागतात, आणि तो बायोप्सीचा असावा. नुसत्या सुईतपासणीच्या कागदावर अडून राहू नका. पक्षाघातात मेंदूचा स्कॅन लागतोच, शिवाय कायमची उणीव राहिली आहे हे दाखवावे लागते व त्यासाठी किमान तीन महिने जावे लागतात. काही तासांत ओसरलेला झटका त्यात बसत नाही. मूत्रपिंडाच्या बाबतीत दोन्ही कायमची निकामी होऊन डायलिसिस नियमित सुरू झालेले किंवा प्रत्यारोपण झालेले हवे.

सर्वाधिक गोंधळ हृदयाचा. 'छाती उघडून केलेली बायपास' असे जेथे लिहिले आहे तेथे अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने नळी उघडून स्प्रिंग बसवणे, चालत नाही. दावा नामंजूर झाला म्हणून लोक चिडतात. पण ज्याला खरोखर झटका आला आणि मग अँजिओप्लास्टी झाली, त्याने शस्त्रक्रियेच्या कलमाखाली कशाला जावे? झटक्याच्या कलमाखाली अर्ज करावा. त्यासाठी लक्षणे, कार्डिओग्राममधले नवे बदल आणि रक्तातील ट्रोपोनिनसारख्या घटकांची वाढ, असा पुरावा लागतो. म्हणून पहिल्या रात्री गावच्या दवाखान्यात काढलेला कार्डिओग्राम जपून ठेवा. तो ज्या चकचकीत कागदावर असतो त्यावरच्या रेघा उष्णतेने व काळाने पुसट होतात. दुसऱ्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढा. हा दोन रुपयांचा सल्ला आहे, पण त्याने काही लाखांचा फरक पडलेला मी पाहिला आहे.

आणखी दोन अटी. रायडर घेतल्यापासून ठरावीक दिवस, बहुधा ९० दिवस, आजाराला संरक्षण नसते. तसेच निदानानंतर विमेदार काही दिवस, अनेक ठिकाणी ३० दिवस, हयात असावा लागतो. मिळणारी रक्कम मूळ विम्यातून आगाऊ दिली जाते की वेगळी, हेही पाहा. आगाऊ असेल तर मृत्यूनंतरची रक्कम तेवढ्याने कमी होते.

केसपेपरवरचे एक वाक्य

विम्याचे दावे बिघडण्याचे एक कारण आमच्याच पेशात आहे. रुग्ण दाखल होताना एखादा निवासी डॉक्टर घाईत विचारतो, "साखर किती वर्षांपासून?" सोबत आलेला पुतण्या अंदाजाने सांगून टाकतो, "असेल आठ-दहा वर्षं." ते तसेच केसपेपरवर उतरते. प्रत्यक्षात मधुमेह तीन वर्षांपूर्वी निघालेला असतो आणि पॉलिसी पाच वर्षांपूर्वीची असते. पण विमा कंपनीच्या हाती ते वाक्य लागले की "आजार लपवून पॉलिसी घेतली" असे पत्र येते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला असे पत्र आले. जुने रक्ताचे रिपोर्ट शोधून, तारखा जुळवून ते खोडून काढायला सात महिने गेले. ज्याला माहिती आहे त्यानेच माहिती द्यावी. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणावे. सुटी मिळताना डिस्चार्ज कार्ड तेथेच वाचावे आणि चूक असेल तर तेथेच दुरुस्त करून घ्यावी.

कायद्याचा आधारही आहे. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमात २०१५ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षे उलटली की कोणत्याही कारणाने तिच्या वैधतेवर आक्षेप घेता येत नाही. मात्र बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली किंवा नंतर रायडर जोडला, तर ही तीन वर्षे त्या तारखेपासून मोजतात. म्हणून आजारात हप्ता चुकवू नये. वार्षिक, सहामाही व तिमाही हप्त्याला ३० दिवसांची आणि मासिक हप्त्याला १५ दिवसांची सवलत असते. आजाऱ्याच्या धावपळीत हे दिवस कसे निघून जातात, कळतही नाही. घरातल्या एकाने ही तारीख आपल्याकडे घ्यावी.

सही कोण करणार?

आता अवघड जागी येतो. टर्म प्रकारच्या पॉलिसीवर कर्ज मिळत नाही, पण त्यांतल्या पुष्कळशा खासगी पॉलिसींत असाध्य आजाराची सोय असते. रोगी सहा महिन्यांहून अधिक जगण्याची शक्यता नाही, असे तज्ज्ञ डॉक्टरांनी प्रमाणित केले तर मृत्यूनंतरची रक्कम आधीच दिली जाते. त्या अर्जावर सही रोग्याची लागते. कर्जाच्या अर्जावरही त्याचीच. पॉलिसी त्याची आहे, आणि तो हयात असेपर्यंत वारसाला एका पैचाही अधिकार नाही, मग ती पत्नी असो वा मुलगा.

आणि आपल्या घरांतून तर रोग्याला आजाराचे नावच सांगत नाहीत! "बाबांना गाठ आहे एवढंच सांगितलंय, तुम्ही काही बोलू नका," हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावे लागते. मग फॉर्मवर आजाराचे नाव लिहायचे कसे आणि सही घ्यायची कशी? मुले वाट पाहत राहतात. दरम्यान रोगी गुंगीत जातो, हात थरथरतो, सही जुळत नाही. शुद्धीवर असेल तर साक्षांकित अंगठा चालतो. पूर्ण बेशुद्ध झाला तर न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि तोवर उपचाराची वेळ निघून जाते.

माझे मत स्पष्ट आहे. ज्याने बारा वर्षे पोटाला चिमटा काढून हप्ते भरले, त्याला त्या पैशाचे काय करायचे ते ठरवण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी आजार ठाऊक असण्याचाही. सांगताना सगळे एका दमात सांगावे लागत नाही. दोन-तीन बैठकांत, तो विचारेल तेवढे, त्याच्या डॉक्टरांसमक्ष सांगावे. माझ्या एका रुग्णाला, ते प्राथमिक शिक्षक होते, मुलांनी शेवटी मला पुढे करून सांगितले. मास्तर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच बॉण्ड कुठे आहेत ते सांगितले. मुलांना तीनच पॉलिसी ठाऊक होत्या, त्या निघाल्या पाच.

उलट अनुभवही येतो. रोगी उपचारच नाकारतो. "हे पैसे पोरीच्या लग्नाला राहू द्या, माझ्यावर घालवू नका." असे म्हणणाऱ्याला मी वरचा कर्जाचा हिशेब कागदावर मांडून दाखवतो. उपचार होऊनही मुलीसाठी काही उरते, हे आकड्यांत दिसले की पुष्कळ जण तयार होतात. आणि वेदना कमी करणारे उपचार म्हणजे पैसे घालवणे नव्हे, हे मी जरा आवाज चढवूनच सांगतो.

व्यवहाराची आणखी एक गोष्ट. विम्याचे पैसे थेट विमेदाराच्या बँक खात्यात जमा होतात. खाते त्याच्या एकट्याच्या नावावर असेल आणि तो बँकेत जाऊ शकत नसेल, तर आलेले पैसे तसेच अडकतात. वेळीच पत्नीचे किंवा मुलाचे नाव जोडून 'दोघांपैकी कोणीही एक' अशा पद्धतीचे खाते करून घ्यावे.

पॉलिसीला हात लावण्यापूर्वी

पॉलिसी हा पहिला उपाय धरू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. कर्करोग, हृदय, मूत्रपिंड यांचे अनेक उपचार तीत बसतात. संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला शिधापत्रिका दाखवून आधी विचारा. सत्तरीपुढील वृद्धांना २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळते. नोकरदारांना भविष्य निर्वाह निधीतून आजारासाठी रक्कम काढता येते, आणि मुख्यमंत्री सहायता निधीकडेही अर्ज करता येतो. येथून भागत नाही तेवढ्याच रकमेचे कर्ज पॉलिसीवर काढा. मिळते म्हणून सगळे काढू नका.

"तुमची पॉलिसी आम्ही विकत घेतो" असे सांगत कोणी आले तर दार लावून घ्या. पॉलिसी दुसऱ्याच्या नावे करणे हा प्रकार कायद्यात आहे. त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१५ च्या अखेरीस निकालही लागला. परंतु सुधारित कायद्याने असा व्यापारी व्यवहार नाकारण्याचा अधिकार कंपनीला दिला आहे. आजारी माणसाने त्या भानगडीत पडण्याचे कारण नाही.

दावा नाकारला गेला तर कारण लेखी घ्या व प्रथम कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये पुणे व मुंबई येथे आहेत. फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.

एका वाचक भगिनींनी पत्रातून विचारले आहे की, बँकेने त्यांच्या पतीच्या खात्यातून दरवर्षी ४३६ रुपये कापून जीवनज्योती विमा दिला आहे, त्यावर डायलिसिससाठी काही मिळेल का? नाही. तो निव्वळ मृत्यूचा २ लाखांचा विमा आहे. त्याला कर्ज नाही, सरेंडर नाही. पण तो बंद पडू देऊ नका. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात तेवढी शिल्लक राहील एवढे पाहा. डायलिसिससाठी फुले योजनेच्या आरोग्यमित्राकडे चौकशी करावी, आणि जाताना शिधापत्रिका व आधारकार्डाच्या दोन-दोन झेरॉक्स सोबत न्याव्यात.